अकराच्या आधीचा तास : नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंची न मोजलेली मतं

केन कोल्टरला डॉक्टर व्हायचं होतं. अमेरिकेत मेडिकलला जायचं तर पदवीच्या वर्षांत रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्राचे ठरावीक विषय आधी पुरे करावे लागतात. कोल्टरने दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्राचा असाच एक विषय घ्यायचं ठरवलं. तास सकाळी, आणि फुटबॉलचा सरावही सकाळीच. हे जमणार नाही, असं प्रशिक्षकांनी आणि सल्लागारांनी त्याला समजावलं. मग त्याने तो विषय उन्हाळ्याच्या सुट्टीत घेतला, पण तोवर मेडिकलच्या वाटेवरची बाकीची मुलं पुढे निघून गेली होती. शेवटी त्याने डॉक्टरकीचा नाद सोडला, मानसशास्त्र घेतलं आणि क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू म्हणून नाव काढलं.

ही हकिगत त्याने फेब्रुवारी २०१४ मध्ये शिकागोत शपथेवर सांगितली. समोर राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाचं, म्हणजे एनएलआरबीचं विभागीय कार्यालय होतं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे स्कॉलरशिपवर खेळणारे फुटबॉलपटू हे विद्यापीठाचे कर्मचारी आहेत आणि त्यांना युनियन करण्याचा हक्क आहे, असा अर्ज तिथे पडला होता.

अमेरिकन कॉलेज खेळांतला पैसा म्हटलं की लोकांना शेकडो कोटींचे टीव्ही करार आठवतात. मला ही रसायनशास्त्राच्या तासाची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पुढच्या अकरा वर्षांत पैशाचा प्रश्न बराचसा सुटत गेला. तासाचा प्रश्न तिथेच राहिला.

चांगल्या घरचं उदाहरण

नॉर्थवेस्टर्न हे शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी इव्हॅन्स्टन गावातलं खासगी विद्यापीठ. अभ्यासात देशातल्या पहिल्या फळीतलं. फुटबॉलमध्ये मात्र ते 'बिग टेन' या बलाढ्य गटात खेळतं. (नावात दहा असले तरी आज या गटात १८ विद्यापीठं आहेत. दहाचा आकडा सुटून बराच काळ झाला, नाव कोणी बदललं नाही.) फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा.

२०१४ मध्ये या गटातलं हे एकमेव खासगी विद्यापीठ होतं, बाकी सगळी सरकारी. हा तपशील पुढे निर्णायक ठरणार होता. एनएलआरबीची सत्ता खासगी मालकांपुरतीच चालते.

विद्यापीठाची बाजू लंगडी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. फुटबॉल संघाचं पदवी पूर्ण करण्याचं प्रमाण ९७ टक्के, सरासरी ग्रेड ४ पैकी ३.०२४. इतर कॉलेजांत नावापुरते विषय काढून, खोटे निबंध लिहून खेळाडूंना पास केल्याची प्रकरणं गाजलेली आहेत. इथे तसं काही नव्हतं. अवघड विषय घेऊनही खेळ सांभाळलेले माजी खेळाडू विद्यापीठाने साक्षीला आणले. पहिल्या वर्षाच्या खेळाडूंना आठवड्याला सहा तास सक्तीच्या अभ्यासिकेत बसवलं जायचं. स्कॉलरशिपची किंमत वर्षाला साधारण ६१ हजार डॉलर : फी, राहणं, जेवण, पुस्तकं.

दुसऱ्या पारड्यात काय होतं? २००३ ते २०१२ या काळात फुटबॉलमधून विद्यापीठाला २३ कोटी ५० लाख डॉलर मिळाले, खर्च १५ कोटी ९० लाख झाला. मुख्य प्रशिक्षक पॅट फिट्झजेराल्ड यांना वर्षाला २० लाख डॉलरहून जास्त पगार. मैदानावरच्या ८५ स्कॉलरशिपवाल्या मुलांना या उत्पन्नातला एक डॉलरही वेगळा मिळत नसे आणि स्वतःच्या नावाची जर्सी विकली गेली तरी त्यांचा त्यावर हक्क नव्हता. ते नियम नॉर्थवेस्टर्नचे नव्हते, देशभरच्या कॉलेज खेळांवर देखरेख करणाऱ्या एनसीएएचे होते.

वाईट कॉलेजातलं वाईट उदाहरण घेतलं असतं तर 'दोषी लोकांना शिक्षा करा' म्हणून मोकळं होता आलं असतं. इथे सगळे नियम पाळून, सगळ्यांचा हेतू बरा असूनही एका हुशार मुलाचा तास हुकला. म्हणून हे प्रकरण कामाचं.

आठवड्याचे वीस तास

एनसीएएचा १९९१ पासूनचा नियम सांगतो की हंगाम चालू असताना खेळाडूकडून आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही. दिवसाला चार तास. ऐकायला छान. पण वीस मोजायचे कसे, तिथे गंमत आहे.

प्रवासाचा वेळ मोजत नाहीत. दुखापतीवरचे उपचार, सरावाआधी घोट्याला पट्ट्या बांधून घेणं, हे धरत नाहीत. 'ऐच्छिक' व्यायाम धरत नाहीत. ऐच्छिक व्यायामाला न जाणाऱ्याचं संघात काय होतं हे ज्याने कुठल्याही खेळात एक हंगाम काढलाय त्याला सांगायला नको. आणि सामन्याचा दिवस, मग तो कितीही लांबो, तीन तास म्हणून लिहिला जातो.

नोव्हेंबर २०१२ मधल्या मिशिगनविरुद्धच्या सामन्याचं वेळापत्रक सुनावणीत आलं. शुक्रवारी सकाळी नाश्त्याला हजेरी. मग संघाची बैठक, मग प्रत्येक जागेवरच्या खेळाडूंची वेगळी बैठक. जेवण. बस. पाचेक तासांचा प्रवास. पोहोचल्यावर मैदानावर फेरी, रात्रीचं जेवण, पुन्हा बैठका, प्रतिस्पर्ध्यांचे व्हिडिओ, आणि झोपायच्या वेळी खोल्यांतून हजेरी. शनिवारी सामना (ओव्हरटाइममध्ये ३८–३१ असा हरले), मग बसने परत. हे दोन दिवस वहीत किती तासांचे दिसतात ते वाचकाने वरच्या हिशेबाने काढून पाहावं.

विभागीय संचालक पीटर संग ओर यांनी पुराव्यावरून काढलेला आकडा असा : हंगामात आठवड्याला ४० ते ५० तास, हंगामाआधीच्या शिबिराच्या महिन्यात ५० ते ६०. वर्गात बसण्याचे तास याच्या जवळपासही जात नाहीत. सराव सकाळी आटोपायचा म्हणून साधारण अकराच्या आधीचे वर्ग खेळाडूंनी घ्यायचे नाहीत, अशी रीत होती. विषय शिकायचा तर तो अकरानंतर असला पाहिजे. प्रयोगशाळेचे विषय विद्यार्थ्याच्या सोयीने हलत नाहीत हे कुठल्याही सायन्सवाल्याला माहीत आहे.

म्हणजे ९७ टक्के पदवी मिळवत होते हे खरं, आणि कुठली पदवी हे काही अंशी फुटबॉलचं वेळापत्रक ठरवत होतं हेही खरं. पहिला आकडा मोजला जातो. दुसऱ्या गोष्टीला आकडाच नाही.

प्रशिक्षकांची फ्रेंड रिक्वेस्ट

स्वातंत्र्याचा मुद्दा मोठ्या तत्त्वांत हरवू नये म्हणून संघाच्या नियमपुस्तिकेतल्या थोड्या गोष्टी सांगतो. कॅम्पसबाहेर घर भाड्याने घ्यायचं तर आधी परवानगी. बाहेर छोटी नोकरी करायची तर परवानगी. गाडी कुठली वापरता याची माहिती द्यायची. पत्रकाराशी बोलायचं तर विद्यापीठामार्फत. संघाची मान खाली जाईल असं काही केलं तर एका सामन्याची बंदी, पुन्हा केलं तर वर्षभराची. सोशल मीडियावर काय टाकता याच्यावर नजर. आणि प्रशिक्षकांनी फ्रेंड रिक्वेस्ट पाठवली तर ती नाकारायची नाही.

हा शेवटचा नियम वाचून मी थांबलो होतो. वसतिगृहाचे रेक्टरही खोलीचं दार वाजवतात, पण मित्र म्हणून आत घ्या असं म्हणत नाहीत.

यातला एकही नियम विद्यापीठातल्या इतर विद्यार्थ्यांना नव्हता. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्याला घरभाड्यासाठी कोणाची सही लागत नव्हती. ओर यांच्या निकालात ही यादी बारकाईने आली, कारण कामगार कायद्यात 'कर्मचारी कोण' हे ठरवताना नियंत्रण कोणाचं हा कळीचा प्रश्न असतो.

शब्द कुठून आला

'स्टुडंट-अ‍ॅथलीट' हा शब्द आज इतका निरागस वाटतो की तो वकिली गरजेतून जन्मला हे पटत नाही. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजच्या रे डेनिसन या फुटबॉलपटूचा सामन्यातल्या दुखापतीने मृत्यू झाला. कामावर मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला मिळते तशी भरपाई त्याच्या पत्नीने मागितली. १९५७ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली : कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही. याच काळात एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी हा जोडशब्द रूढ केला आणि सगळ्या नियमांत पेरला. खेळाडूला न्यायालय उद्या कर्मचारी ठरवेल या भीतीने तो आणला, हे निवृत्तीनंतर बायर्स यांनी स्वतःच लिहून ठेवलं. तीन दशकांहून अधिक काळ ज्या व्यवस्थेचा कारभार पाहिला तिच्यावर त्यांनी अखेरीस टीकाच केली.

कोल्टरला युनियन सुचली ती मात्र वर्गात. आधुनिक कामाच्या जागांवरचा एक विषय त्याने नॉर्थवेस्टर्नमध्येच घेतला होता, त्यात कामगार चळवळीचा इतिहास होता. विद्यापीठाने त्याला एक तास नाकारला आणि दुसऱ्या तासाने विद्यापीठालाच सुनावणीत उभं केलं. त्याने रामोगी हुमा यांना गाठलं. हुमा हे यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाचे माजी फुटबॉलपटू. १९९५ मध्ये त्यांच्या संघातल्या डॉनी एडवर्ड्सवर दारात कोणीतरी ठेवलेला किराणा घेतला म्हणून बंदी आली होती, आणि त्याची जर्सी मात्र दुकानात विकली जात होती. तेव्हापासून हुमा या कामात आहेत. पोलाद कामगारांच्या युनियनने पाठबळ दिलं, २८ जानेवारी २०१४ ला अर्ज दाखल झाला.

मागण्यांत पगार नव्हता. खेळताना झालेल्या दुखापतींचा खर्च खेळ संपल्यावरही मिळावा, डोक्याला मार लागल्यावर मैदानात परत पाठवायचं की नाही हे स्वतंत्र तज्ज्ञाने ठरवावं, जखमी झाला म्हणून स्कॉलरशिप जाऊ नये, पदवी अर्धी राहिली तर ती पुरी करायला निधी असावा. ही यादी कोणत्याही गिरणी कामगाराला ओळखीची वाटली असती.

ओर यांचा निकाल

२६ मार्च २०१४ ला निकाल आला : स्कॉलरशिपवरचे खेळाडू कर्मचारी आहेत. तर्क सरळ होता. ते विद्यापीठासाठी सेवा देतात, तिच्यातून पैसा येतो. मोबदला म्हणून स्कॉलरशिप मिळते. प्रवेशाच्या वेळी सही केलेला कागद म्हणजे करारच, आणि संघ सोडला की स्कॉलरशिप जाते. वेळेवर आणि वागण्यावर नियंत्रण प्रशिक्षकांचं. स्कॉलरशिप नसताना हौसेने खेळणारे खेळाडू यातून वगळले गेले, कारण त्यांना मोबदला नाही.

विद्यापीठाचा भर २००४ च्या ब्राऊन विद्यापीठाच्या निर्णयावर होता. वर्ग घेणारे, संशोधनात मदत करणारे पदव्युत्तर विद्यार्थी हे मुळात विद्यार्थी, म्हणून कर्मचारी नाहीत, असं मंडळाने तेव्हा म्हटलं होतं. ओर यांनी तो दाखला उलटवला. त्या विद्यार्थ्यांचं काम त्यांच्या शिक्षणाचा भाग होतं. फुटबॉल खेळण्याचे कुठल्या पदवीत गुण मिळतात? प्रशिक्षक कुठल्या विभागाचे प्राध्यापक आहेत?

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा वाद समजायला 'मार्ड' आठवावं. सरकारी रुग्णालयातले निवासी डॉक्टर कागदावर पदव्युत्तर विद्यार्थी. त्यांना मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, विद्यावेतन म्हणतात. फार चतुर शब्द आहे हा, विद्याही आली आणि वेतनही. तरी ते संघटना करतात, संपावर जातात, सरकार त्यांच्याशी वाटाघाटी करतं, आणि त्यामुळे त्यांचं शिक्षण खोटं ठरलं असं कोणी म्हणत नाही. अमेरिकेतही १९९९ मध्ये बोस्टन मेडिकल सेंटरच्या प्रकरणात याच मंडळाने निवासी डॉक्टरांना विद्यार्थी असूनही कर्मचारी मानलं होतं. निवासी डॉक्टरचं निदान काम हेच शिक्षण असतं. फुटबॉलपटूचं काम आणि शिक्षण एकमेकांच्या वेळेवर टपलेले असतात. मग त्याचा दावा दुबळा कसा?

२५ एप्रिलला मतदान झालं. ७६ खेळाडू पात्र होते. मधल्या महिन्यात फिट्झजेराल्ड यांनी मुलांना पत्र लिहून विरोधात मत द्यायला सांगितलं होतं. युनियन म्हणजे ओळखीच्या माणसांवरचा विश्वास काढून अनोळखी लोकांवर ठेवणं, असा त्यांचा रोख. संघातही दोन तट होते, काही खेळाडू उघडपणे विरोधात बोलले. ज्याने वडिलांसारखं सांभाळलं त्याच्याविरुद्ध मत द्यायचं, असा तो पेच झाला होता. विद्यापीठाने वॉशिंग्टनच्या मुख्य मंडळाकडे अपील केलं आणि मतपत्रिका सीलबंद झाल्या.

सोळा महिने आणि एक न दिलेलं उत्तर

१७ ऑगस्ट २०१५ ला पाच सदस्यांच्या मंडळाने एकमताने निर्णय दिला. खेळाडू कर्मचारी आहेत का, यावर आम्ही काही म्हणत नाही. ते कर्मचारी आहेत असं धरलं तरी या प्रकरणात हात घालणार नाही, कारण त्याने कामगार संबंधांत स्थैर्य येणार नाही. अर्ज फेटाळला. मतं कधीच मोजली गेली नाहीत.

कारण गणिताचं होतं. फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत तेव्हा सव्वाशेच्या आसपास संघ, त्यातले १७ खासगी. बाकी सरकारी विद्यापीठांवर मंडळाची सत्ताच नाही, तिथे राज्यांचे कायदे. ओहायो आणि मिशिगन या राज्यांनी तर २०१४ मध्येच घाईघाईने कायदे करून सरकारी कॉलेजांतले खेळाडू कर्मचारी नाहीत असं लिहून टाकलं. बिग टेनमधली तीन विद्यापीठं त्याखाली आली. अशा गटात एकट्या नॉर्थवेस्टर्नशी करार झाला तर बाकीच्यांशी तोल कसा राहणार?

या तर्काला मी हसणार नाही. समजा युनियनने सकाळचा सराव दोन दिवस बंद करून घेतला असता. मुलं प्रयोगशाळेत गेली असती, आणि शनिवारी ओहायो स्टेटकडून सडकून मार खाल्ला असता. व्यावसायिक खेळांत युनियन अख्ख्या लीगशी करार करते ते याचसाठी. एका संघाचं वेळापत्रक एकट्याने सुटत नाही.

पण मग मंडळाने एवढं तरी लिहायचं होतं की ही माणसं कर्मचारी आहेत, फक्त आमच्याकडे त्यांच्यासाठी योग्य मंच नाही. 'आम्ही ठरवत नाही' या वाक्याची किंमत पुढच्या दशकाने मोजली. वर्षभरातच, ऑगस्ट २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात मंडळाने ब्राऊनचा निर्णय रद्द केला आणि शिकवणारे पदव्युत्तर विद्यार्थी कर्मचारी ठरले. खेळाडू लटकलेलेच. मंडळाच्या प्रमुख वकिलांनी २०१७ च्या जानेवारीत टिपण काढलं की खेळाडू कर्मचारी आहेत. डिसेंबरात नव्या वकिलांनी ते मागे घेतलं. २०२१ मध्ये पुन्हा तसंच टिपण, फेब्रुवारी २०२५ मध्ये तेही मागे. व्हाइट हाऊसमध्ये कोण बसलंय यावर विद्यार्थ्याचं कामगारपण ठरू लागलं.

एक दार मात्र मागच्या बाजूने उघडलं. नियमपुस्तिकेविरुद्ध वेगळी तक्रार झाली होती. मंडळाच्या वकील विभागाने २०१६ मध्ये, खेळाडू कर्मचारी आहेत असं धरून, म्हटलं की सोशल मीडियावरचे आणि पत्रकारांशी बोलण्यावरचे असे नियम बेकायदा आहेत. विद्यापीठाने दरम्यान ते बदलले, म्हणून कारवाई झाली नाही. गाजावाजा न होता मिळालेला हा बहुधा या प्रकरणातला सगळ्यात ठोस विजय.

पैशाचा बांध फुटला

युनियन बुडाली तरी धक्का बसायचा तो बसला होता. एप्रिल २०१४ मध्येच कनेक्टिकटचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपियर राष्ट्रीय विजेतेपदाच्या दिवसांत म्हणाला की कधीकधी उपाशी झोपावं लागतं. काही दिवसांत एनसीएएने जेवणावरची मर्यादा काढली. बिग टेनने पदवीपर्यंतच्या स्कॉलरशिपची हमी दिली. पुढची लढाई कामगार कायदा सोडून स्पर्धा कायद्याच्या न्यायालयांत गेली. जून २०२१ मध्ये अ‍ॅल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९–० ने एनसीएएविरुद्ध कौल दिला. त्यातून शिक्षणाशी निगडित फायद्यांवरची बंधनं उठली, आणि अभ्यासातल्या यशासाठी वर्षाला ५,९८० डॉलरपर्यंत रोख देता येऊ लागलं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिराती करून कमावता येऊ लागलं. ६ जून २०२५ ला खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लावलेल्या 'हाऊस' खटल्याच्या तडजोडीला मंजुरी मिळाली : माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर, आणि पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाने २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंत वाटण्याची मुभा.

कोल्टरच्या पिढीला हे स्वप्न वाटलं असतं. आणि तरी पाहा, या सगळ्यात कुठेही वाटाघाटीचं टेबल नाही. रक्कम किती, कोणाला, हे विद्यापीठ ठरवतं. भरपाईचा मोठा वाटा पुरुषांच्या फुटबॉलकडे आणि बास्केटबॉलकडे जाणार, म्हणून महिला खेळाडूंनी समान संधीच्या कायद्याखाली अपील केलं. खेळाडूला आता मोकळेपणाने कॉलेज बदलता येतं, हे मोठं स्वातंत्र्य. पण चार वर्षांत तीन कॉलेजं बदलणाऱ्याची विषयांची बेरीज कोण जुळवतो? एका विद्यापीठाचे सगळे गुण दुसरं विद्यापीठ धरेलच असं नाही. मुलगा श्रीमंत होऊन पदवीशिवाय बाहेर पडू शकतो.

युनियनचा प्रयत्न पुन्हा एकदा झाला, आणि तोही अनपेक्षित जागी. डार्टमथ या नामांकित खासगी कॉलेजच्या पुरुष बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये १३–२ ने युनियनच्या बाजूने मत दिलं. तिथे खेळासाठी स्कॉलरशिपसुद्धा नसते. यावेळी मतं मोजली गेली, पण विद्यापीठाने वाटाघाटीला नकार दिला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला गेला. मंडळाची रचना बदलणार होती, आणि प्रतिकूल निकालापेक्षा निकाल नसलेला बरा असा हिशेब त्यामागे दिसतो.

तक्रार कोणाकडे

फिट्झजेराल्ड यांच्या २०१४ च्या पत्रात ओळखीच्या माणसांवर विश्वास ठेवा असं म्हटलं होतं. २०२२ चा हंगाम संपताना नॉर्थवेस्टर्नकडे एक निनावी ई-मेल आला : फुटबॉल संघात नव्या खेळाडूंचं रॅगिंग होतं. चौकशी झाली, खेळाडूंनी प्रकार घडत असल्याचं सांगितलं, आणि जुलै २०२३ मध्ये फिट्झजेराल्ड यांना काढण्यात आलं. आपल्याला काही माहीत नव्हतं, असं ते सुरुवातीपासून सांगत होते. त्यांनी दावा लावला. ऑगस्ट २०२५ मध्ये तडजोड झाली तेव्हा कोणा खेळाडूने त्यांच्याकडे तक्रार केली किंवा त्यांनी मुभा दिली असं पुराव्यातून दिसलं नाही, असं विद्यापीठानेही म्हटलं.

त्यांचं म्हणणं पूर्ण खरं धरू. मग प्रश्न आणखी अवघड होतो. मुख्य प्रशिक्षकाला कळत नाही, विद्यापीठाला कळत नाही, आणि सांगणाऱ्याला नाव लपवावं लागतं. युनियन असती तर रॅगिंग झालंच नसतं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. युनियनवाल्या कारखान्यांतही दादागिरी चालते. पण ज्याच्या हातात तुमची स्कॉलरशिप नाही असा एक माणूस तक्रार घ्यायला बसलेला असता.

सिएटलचं विमान

मिशिगनची ती बस पाचेक तासांची होती. २०२३ पासून बिग टेनचा सात वर्षांचा टीव्ही करार ७०० कोटी डॉलरच्या वर गेला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरची चार विद्यापीठं गटात आली, कारण टीव्हीला लॉस एंजेलिस हवं होतं. पूर्वेला न्यू जर्सीचं रटगर्स, पश्चिमेला यूसीएलए. यात फुटबॉल संघ निदान आठवड्याला एकच सामना खेळतो. व्हॉलीबॉलच्या, सॉफ्टबॉलच्या मुली याच नकाशावर आठवड्याच्या मधल्या दिवशीही फिरतात, आणि त्यांच्यासाठी टीव्हीने काही मोजलेलं नसतं. नॉर्थवेस्टर्नने सरोवरकाठी २७ कोटी डॉलरचं सराव संकुल २०१८ मध्ये उघडलं, आणि जुनं मैदान पाडून ८० कोटींहून अधिक खर्चाचं नवं बांधायला घेतलं.

२१ सप्टेंबर २०२४ ला नॉर्थवेस्टर्न सिएटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाशी खेळलं आणि २४–५ ने हरलं. चार तासांहून लांब विमानप्रवास, दोन तासांचा घड्याळाचा फरक, येताना पुन्हा तेवढंच. एनसीएएच्या नोंदवहीत तो दिवस तीन तासांचा.